अप्पांच्या मालगाडीचा बारावा डबा

कोणी चमत्काराच्या गोष्टी सांगायला लागलं की मी उठून दूध तापवायला जाते. माझा विश्वास यादीवर. घरात काय आहे, कुठे आहे, कोणी हलवलं... सगळं वहीत असतं. या सदरात मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. पण गेल्या नवरात्रात मद्रासला जे झालं, ते माझ्या कुठल्याच वहीत बसत नाही.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर तंजावरच्या जुन्या मराठी घरातलं. गेल्या वर्षी ह्यांची रेल्वे ऑफिसात मद्रासला बदली झाली. हे आणि माझे सासरे — अप्पा — पुढे येऊन नुंगंबाक्कमला घर लावत होते. मागे तंजावरला मी आणि सासूबाई, म्हणजे अम्मा. सामानासाठी रेल्वेने अख्खा मालडबा दिला होता. त्रेचाळीस नग, प्रत्येकावर चिठ्ठी, यादीच्या दोन प्रती. नग सातवा — अम्मांच्या बाहुल्यांची पेटी.

इकडे नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. सर्वपित्री अमावास्येला पहिली मांडायची ती लाल लाकडाची नवरा-नवरीची जोडी. अम्मांना ती त्यांच्या आईने लग्नात दिलेली. लग्नापासून त्या जोडीचं एकही नवरात्र चुकलेलं नव्हतं. आणि दरवर्षी कोलूत एक तरी नवी वस्तू हवी, म्हणून गेली काही वर्षं अप्पा लाकडाचा एक मालडबा करत. पेशाने ड्रॉइंग मास्तर, पण हौस मालगाडीची! इंजिन आणि अकरा डबे पेटीतच होते. बारावा त्यांनी मद्रासला सिगारच्या खोक्याचा केला.

...आम्ही दोघी मद्रासला पोचलो, आणि आमचा खरा डबा हरवला.

वाटेत त्याच्या चाकाचा आस तापला, म्हणून सामान दुसऱ्या डब्यात भरलं, एवढंच तारेने कळलं. कुठल्या डब्यात, ते कोणालाच सांगता येईना. मी रोज सकाळी एग्मोर स्टेशनच्या माल-ऑफिसात जायची. तिथले वयस्कर क्लार्क तमिळमध्ये रोज तेच म्हणायचे, "नंबर सांगा, बाई. नंबराशिवाय डबा म्हणजे नावाशिवाय माणूस."

"नंबर असता तर रोज तुमचं तोंड बघायला आले असते का?"

ते हसायचे. मला हसू यायचं नाही. अमावास्या उद्यावर आली होती. ह्यांनी सुचवलं की शेजारच्या मामींकडून एक जोडी मागून आणू. अम्मा कडाडल्या, "परक्याचं लग्न माझ्या घरांत मांडूं काय? माझी जोडी नाही, तर कोलू नाही." आणि पायऱ्यांसाठी रचलेल्या फळ्या त्यांनी स्वतः उतरवून ठेवल्या. दुपारी जेवल्या नाहीत. ते मला बघवेना.

मी लगेच पुन्हा एग्मोरला निघाले. अप्पाही आपला बारावा डबा पिशवीत घालून उठले. "दाराचा अडसर कसा असतो, तो खऱ्या डब्यावर पाहायचा आहे."

"अप्पा, आज खेळ नको..."

"तूं भांडत राहा. मी अडसर पाहतो."

ऑफिसात मी भांडायला लागले. अप्पांनी चष्मा काढण्यासाठी हातातला डबा टेबलावर ठेवला. क्लार्कनी तो उचलून फिरवला. "वा सार! नंबरसुद्धा घातलाय... २७४१६." हसता हसता ते थांबले. समोरचं रजिस्टर ओढलं, बोट फिरवलं. "हा तर आमच्याच यार्डात उभा आहे! अकरा दिवस. पावसात लेबल गेलं, कागद आले नाहीत. कोणाचा, तेच कळत नाही."

आम्ही तिघं रुळांवरून जवळजवळ धावतच गेलो. यार्डाच्या टोकाला, शेवटच्या लाइनीवर, २७४१६. लाकडी अंगाचा जुना तपकिरी डबा. डाव्या दाराची खालून तिसरी फळी मात्र नवी, पिवळट. मी पिशवीतला डबा काढला. डाव्या दाराची खालून तिसरी फळी — पिवळट.

"सील असं तोडता येत नाही," क्लार्क म्हणाले. "सामान तुमचं कशावरून?"

इथे मात्र माझी यादी कामाला आली. म्हटलं, "आम्ही भरताना पहिला नग सगळ्यात आत गेला. दुसऱ्या डब्यात भरताना तो सगळ्यात शेवटी निघाला असणार, म्हणजे दाराशी असणार. पाटा-वरवंटा, गोणपाटात, निळ्या दोरीने बांधलेला. नसेल तर उद्यापासून येणार नाही."

"हे वचन लिहून द्या," ते म्हणाले आणि साहेबांना घेऊन आले.

दार सरकलं. दाराशी गोणपाट. निळी दोरी. अप्पांनी टाळ्याच वाजवल्या! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नग निघाले, एक बशीसुद्धा फुटली नव्हती. अमावास्येला नवरा-नवरी पायरीवर उभे राहिले, खाली बारा डब्यांची गाडी. क्लार्क सहकुटुंब सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, खायला आले आणि अम्मांनी त्यांना तीनदा वाढलं.

आता हिशेब लागत नाही तो असा. अप्पांनी एग्मोरला तो डबा आधी पाहिला असेल, असं मला वाटलं होतं. पण बारावा डबा झाल्याचं त्यांचं पोस्टकार्ड मला तंजावरला आलं होतं, आम्ही सामान भरण्याच्या आठ दिवस आधी. ते माझ्या फायलीत आहे. त्यात नंबर आहे. पुढे लिहिलंय, "लाकूड सरलें, म्हणोन डाव्या दारास एक फळी आंब्याच्या पेटीची लाविली. शोभत नाही." खऱ्या डब्यावर दुरुस्तीची तारीख रंगवलेली असते. ती मी उतरवून घेतली. पोस्टकार्डाच्या शिक्क्यानंतर चार दिवसांची! म्हणजे अप्पांनी ती फळी लावली तेव्हा खऱ्या डब्याला ती बसलेलीच नव्हती.

अप्पांना विचारलं, नंबर कुठून आणला? "हातांस आला तो घातला. त्यास काय शास्त्र?"

वर्ष झालं. वहीत 'कारण' लिहिलेल्या ओळीपुढे जागा कोरीच आहे.

यंदा अप्पांनी पॅसेंजरचा डबा केलाय. अम्मांचा भाऊ बायको-मुलासह सेलमला असतो, रुसून नऊ वर्षं आलेला नाही. अम्मांनी डबा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. खिडकीत अप्पांनी तीन चेहरे रंगवलेत. कोणाचे, ते सांगत नाहीत.

माझा अजूनही अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण नवरात्राच्या वाणसामानाच्या यादीत मी तीन माणसांचे तांदूळ वाढवले आहेत.