आईच्या नावाची चटई

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळे लिहितो ते सरळ लिहितो, कुणाला लागलं तर लागू दे.

माझी लेक तलासरीला दिली आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची कंबर धरली ती सुटेना. डॉक्टरीणबाईंनी कागदावर व्यायाम काढून दिले. रोज सकाळी योगा मॅट अंथरून, पाठीवर पडून करायचे, नाहीतर पुढे वाकता येणार नाही, असं बजावलं. लेकीने मॅट आणली. चौथ्या दिवशी तिच्या सासूने त्यावर तांदळाच्या पापड्या वाळत घातल्या. वर मलाच फोनवर सांगतात, व्याही, चटई फार चांगली हो, पापडी अजिबात चिकटत नाही. लेक मागे उभी होती म्हणे. बोलली नाही. बोलली असती तर मला एवढा राग आला नसता.

राग विहीणबाईंचा होता, पण सगळा त्यांचा नव्हता. माझी बायको चाळीस वर्षं वाडीत वाकली. चिकू वेचले, पाणी ओढलं, भात लावला. एकदा दुपारी ओटीवर आडवी झाली तर मी विचारलं, ताप आहे का? ती उठून बसली. ताप नसताना बाईने दिवसा पडायचं नाही, हा कायदा कुणी केला ते मला ठाऊक नाही. पाळायला लावत मात्र मीच होतो.

ती जाऊन आठ महिने झाले.

मी डहाणू रोडला जाऊन दुसरी मॅट घेतली. दुकानातली पोरगी म्हणाली, पॅक करून देऊ का काका, आणि फुगे छापलेला कागद काढला. मी नको म्हटलं. आमच्या घरी आहेर बायको बांधायची. कागदाला समोरून चिकटपट्टी लावायची नाही, आतून भाताची खळ लावायची, म्हणजे घेणाऱ्या बाईला कागद न फाडता काढता येतो आणि पुन्हा वापरता येतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या बाईचा विचार करणारी बाई होती, एवढंच.

चौकोनी वस्तू बांधताना मी तिला पाहिली होती. गोल वस्तू बांधणं कठीण. तीन वेळा कागद सुरकुतला, तीन वेळा सोडला. शेवटी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, वर वाटी उपडी ठेवून दोन चकत्या कापल्या आणि दोन्ही तोंडांना लावल्या. मग कडा नीट बसल्या. सुतळी बांधली नाही. असं लांब गुंडाळून, जागोजागी बांधलेलं आमच्या अंगणात आठ महिन्यांपूर्वी ठेवलं होतं. पुरे झालं.

पण कागद बांधायच्या आधी मी एक काम केलं होतं. लेकीला देताना भांड्यावर नाव घालायची आपली रीत आहे. नावाच्या भांड्याला सासरी कुणी आपलं म्हणत नाही. म्हणून जाड पेनाने मॅटवर, वरच्याच बाजूला, हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं : लेकीला, आईकडून.

मुलगा बघून म्हणाला, "बाबा, आई गेली. गेलेल्या माणसाच्या नावाने आहेर कसा करायचा? तुमचं नाव टाका."

माझं डोकं फिरलं. जन्मभर आहेर तिने निवडला, तिने बांधला, आणि पाकिटावर नाव श्री. म्हणून माझं. मी एकदाही दुकानात गेलो नव्हतो. तेव्हा कुणी विचारलं नाही हे नाव कसं. मी त्याला म्हटलं, "चाळीस वर्षं तिने माझ्या नावाने दिलं. एकदा मी तिच्या नावाने देतो. तुला लाज वाटत असेल तर तू येऊ नकोस." तो आला नाही. मी एसटीने गेलो, मॅट मांडीवर आडवी धरून.

विहीणबाईंनी कागद सोडला. मॅट उलगडून अक्षरं वाचली. मग मॅट कपाळाला लावली, पुन्हा गुंडाळली आणि कपाटावर देवाच्या फोटोशेजारी ठेवली. म्हणाल्या, त्या माउलीची वस्तू, हिच्यावर आता पाय पडू द्यायचा नाही.

घ्या. पापड्यांतून सुटली ती देव्हाऱ्यात अडकली.

मी म्हटलं, "विहीणबाई, खाली काढा. तिने पुजायला दिली नाही. पडायला दिली आहे."

"आत्ता? पाहुणे घरात असताना?"

"मी पाहुणा नाही, बाप आहे. बाहेर ओट्यावर पाठ करून बसतो."

बसलो. बापासमोर लेकीने आडवं पडायचं नाही, हेही आहेच. आत कपाटाशी स्टूल सरकलं. मग मॅट जमिनीवर पडली. लेक कण्हली. थोड्या वेळाने विहीणबाईंचा आवाज आला, चिडकाच. "गुडघा सरळ, डॉक्टरीणबाईंच्या कागदावर सरळ काढलाय. अजून वर."

त्या दिवशी चहा विहीणबाईंनी केला, कारण करणारी आत पडलेली होती. अर्धा तास उशिरा आला आणि अगोड होता. मी सगळा प्यालो.