‘मुद्दा कळला’वाले देवधर काका

देवधर काकांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आपण म्हणावं, "काका, परवा आमच्या बेसमेंटमध्ये..." की काकांचा हात वर. "पाणी आलं. मुद्दा कळला. पुढे." पाणीबिणी काही आलेलं नसायचं, नागपूरचा भाचा राहायला आलेला असायचा. पण तोवर काकांनी प्लंबरला फोन लावलेला असे.

कॅनडात, टोरांटोच्या स्कारबरोत, आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहायचे. फार वर्षांपूर्वी पुण्याहून इंजिनियर म्हणून आलेले, आता निवृत्त. काकू गेलेल्या, मुलगा दूर सस्काटूनला. वेळ भरपूर, आणि तो सगळा आमच्यावर खर्च व्हायचा. बर्फ पडला की आमचाही ड्राइव्हवे शोव्हल करायचे आणि वर आम्हालाच ऐकवायचे.

माझ्या मुक्ताचं आणि त्यांचं अगदी गूळपीठ. मुक्ताला सेरेब्रल पाल्सी आहे. ती व्हीलचेअर वापरते आणि सावकाश बोलते, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. म्हणजे काकांना पर्वणीच. ती "आय वॉन्ट..." म्हणाली की काका "लाडू" म्हणून डबा उघडायचे. तिला टीव्हीचा रिमोट हवा असायचा. ती बिचारी आधी लाडू खायची आणि मग रिमोट मागायची.

सज्ञान झाल्यापासून मुक्ताला अपंगांसाठीचा सरकारी भत्ता मिळत होता. त्याची गोम अशी, की आई-वडिलांकडे राहून आयतं जेवणाऱ्याला तो कमी मिळतो, आणि वेगळं राहून आपलं भाडं, आपलं जेवणखाण सांभाळणाऱ्याला जास्त. मुक्ताला व्हिटबी गावातल्या एका कॉलेजात ॲडमिशन मिळाली. तिथल्या रेसिडेन्समध्ये, म्हणजे हॉस्टेलात, छोटं किचन असलेली, व्हीलचेअर फिरेल अशी खोलीही मिळाली, आणि ती तिकडे राहायला गेली. आता याला वेगळं राहणं म्हणायचं, की पोर नुसती शिकायला गेली म्हणायचं? नुसतं शिकायला गेली असं ठरलं असतं, तर ते भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. घरून रोज जाणं-येणं तिच्या अंगाला झेपणारं नव्हतं. म्हणजे कॉलेजच सुटलं असतं.

भत्त्याच्या ऑफिसातल्या बाई खोली बघायला येणार असं कळलं, आणि काकांनी सूत्रं हातात घेतली. आमच्या दिवाणखान्यात तालीम सुरू झाली. काका टाय लावून ऑफिसर झाले.

"मुलीला जेवायला कोण घालतं?"

माझा नवरा छाती काढून म्हणाला, "आम्ही. पोटच्या पोरीला उपाशी ठेवू का?"

"नापास. आणि घरी असताना तिच्याकडून भाडं घेत होतात?"

"लेकीकडून कसले हो पैसे घ्यायचे?" मी म्हटलं.

"तुम्हीही नापास. अहो, तिथे माया दाखवायची नाही. खरं काय ते सांगायचं. स्वतःचं स्वतः करते ना ती?"

करत होती. पास्ता करपवत होती, पण तिचा ती करपवत होती.

"मग तेवढंच बोला," काका म्हणाले.

बाई यायच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून काकाच मला गाडीनं व्हिटबीला घेऊन गेले. बरोबर त्यांची भलीमोठी पिशवी. बाई मोठ्या शांत होत्या. त्यांनी मुक्ताला विचारलं, तुझं जेवण कोण करतं?

"आय..." मुक्तानं सुरुवात केली.

काकांच्यानं राहवलं नाही. "वी डू," ते म्हणाले. "एव्हरीथिंग. आम्ही तिला काडी उचलू देत नाही," हे सगळं अस्खलित इंग्रजीत. आणि पुरावा म्हणून पिशवीतून डबे काढून टेबलावर मांडले. थालीपीठ, मेथीची भाजी, लाडू. आम्हाला दोनदा नापास करणारा हा माणूस.

बाई टाइप करू लागल्या. मुक्ता आयतं जेवते, अशीच नोंद होत होती. काकांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला आणि सावरासावर करायला त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात मुक्तानं हात वर केला, अगदी काकांसारखा.

"वेट, काका. आय ॲम टॉकिंग."

मग ती बोलली. तिच्या गतीनं. मध्ये शब्द पुरवायला माझी जीभ वळवळत होती, ती मी दातांखाली धरली. ग्रोसरी मी आणते, तिनं सांगितलं. भाजी मदतनीस चिरून देते, पण काय शिजवायचं ते मी ठरवते. भाडं मी भरते. हे डबे पाहुण्यांनी आणलेत. पाहुणे संध्याकाळी घरी जातील.

"आय लिव्ह हिअर," ती म्हणाली.

बाईंनी विचारून फ्रिज उघडला. आत अर्धा कोबी, अंडी आणि करपलेला पास्ता. बाई पहिल्यांदा हसल्या.

पुढे भत्ता वाढवून मिळाला, कॉलेज टिकलं. पण त्या संध्याकाळी ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी चालवता चालवता काका म्हणाले, "पाहुणे म्हणाली हो आपल्याला." मग पुढच्या सिग्नलला, "बरोबर आहे तिचं. मुद्दा कळला."

यावेळी तो खरोखरच कळला होता. नंतर ते व्हिटबीला जायचे ते आधी फोन करून, आणि दारात बेल वाजवून उभे राहायचे.

कॉलेज संपवून मुक्ता तिथेच नोकरीला लागली. काकांना पक्षाघात झाला तेव्हा व्हिटबीतलंच एक वृद्धांचं केंद्र तिनं शोधून काढलं. गेल्या विंटरमध्ये काका गेले, तोवर दर रविवारी ती त्यांच्याकडे डबा घेऊन जायची. एकदा मीही बरोबर होते. काकांची वाचा बरीचशी गेली होती. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा.

त्यांनी मुक्ताच्या खिचडीचा घास घेतला आणि तोंड उघडलं. "धिस इज..."

"डिलिशस?" नर्स चटकन म्हणाली.

मुक्तानं हात वर केला. "वेट. ही इज टॉकिंग."

आम्ही थांबलो. खिचडी निवायला लागली. काकांचे ओठ नुसतेच हलत होते, कपाळावर घाम आला होता. मला ते बघवेना, डोळे भरून आले. शेवटी शब्द आला.

"...अळणी."

एरवी आमच्याशी सगळं इंग्रजीतच बोलणारी माझी लेक त्यांच्याकडे बघून सावकाश म्हणाली, "मुद्दा... कळला... काका," आणि खुर्ची वळवून मीठ आणायला गेली.