मार्थाबाईंचा गाऊन आणि कलम सात

मार्थाबाई शिंदे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या गाऊन घालून एका इसमाच्या कानशिलात लगावत होत्या. स्थळ, दिल्लीतल्या मयूर विहारातील आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचे दूधकेंद्र. स्कूटरला धक्का लागला एवढ्या कारणावरून त्या इसमाने एका ई-रिक्षावाल्याला हेल्मेटने बडवायला सुरुवात केली होती. रिक्षावाल्याची भुवई फुटून रक्त हनुवटीपर्यंत आले होते आणि रांगेतले आम्ही पंधरा-वीस जण आपापल्या पिशव्या सांभाळत उभे होतो. बाईंच्या डाव्या हातात दुधाच्या चार पिशव्या होत्या. त्यांनी उजव्या हाताने अशी एक ठेवून दिली की हेल्मेट गटारात गेले. "हाथ बहुत चल रहा था ना तेरा? अब चला," एवढे बोलून त्या तो परत काय करतो याची वाट पाहत उभ्या राहिल्या. त्याने काहीही केले नाही.

सत्य सांगणे मला भाग आहे. त्या सकाळी मला संताप आला तो रक्ताचा नव्हे, गाऊनचा. निळ्या फुलांचा, धुऊन धुऊन विटलेला सुती गाऊन, पायांत रबरी चपला आणि वर ओढणीसुद्धा नाही. दिल्लीत गाऊनवर ओढणी घेतली की त्याचा बाहेरचा पोशाख होतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती मला मान्य नव्हतीच. पण या बाईंनी तेवढीही सवलत घेतलेली नव्हती. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षे मी विधी अधिकारी म्हणून मसुदे तपासले. माझ्या पायजम्याने माझ्या सदनिकेचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही. सबब, लिफ्टपाशी मी त्यांना थांबवले आणि हे सार्वजनिक ठिकाण असल्याची जाणीव करून दिली.

"अच्छा, मराठी आहात होय!" त्यांचा चेहरा खुलला. "मग मराठीतच भांडू. बोला."

"निदान ओढणी तरी घ्यावी, बाई."

"ओढणीनं काय झाकतं? गाऊन, की तुमचे डोळे?"

त्या नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात बत्तीस वर्षे परिचारिका होत्या, त्यांतली बरीचशी अपघात विभागात. लग्न केले नव्हते. "पांढरी साडी, सेफ्टी पिना, कमरेला पट्टा," त्या सांगत. "रिटायर झाले त्या दिवशी सगळ्याचं गाठोडं बांधून देऊन टाकलं. आता कमरेला काही बांधणार नाही, नाडीसुद्धा नाही." प्रत्येक गाऊनला त्यांनी उजव्या बाजूला खोल खिसा शिवून घेतला होता आणि त्यात बँडेज कापायची चपट्या टोकाची कात्री असे. "साडीला खिसा असतो का हो, वकीलसाहेब?" मी वकील नाही, विधी अधिकारी होतो, असे मी प्रत्येक वेळी सांगे. "तेच ते," असे त्या प्रत्येक वेळी म्हणत.

सोसायटीच्या सचिवांना मी रात्रीच्या पोशाखाबद्दल अकरा पत्रे लिहिली. नवव्या पत्रात मी नाव न घेता एका रहिवाशाचा आदर्श म्हणून उल्लेख केला होता. माझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, पस्तिशीचा, कोणत्यातरी कंपनीत वरच्या हुद्द्यावर असलेला तो गृहस्थ सकाळी सहा वाजतासुद्धा इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालूनच खाली उतरत असे. तरुण पिढीने त्याच्याकडे पाहावे, असे मी लिहिले होते. त्या पत्राची स्थळप्रत मी अजून जपून ठेवली आहे, आणि का ठेवली आहे ते पुढे येईलच.

अकराव्या पत्रानंतर सचिवांनी हात टेकले. "अंकल, आप ही ड्राफ्ट कर दीजिए," ते म्हणाले. मी आचारसंहिता लिहिली. तिचे कलम सात असे होते: कोणताही रहिवासी गाऊन, नाईटी, पायजमा, लुंगी इत्यादी रात्रीच्या पोशाखात आढळल्यास पहारेकऱ्याने त्यास मुख्य फाटकाबाहेर जाऊ देऊ नये व नम्रपणे सदनिकेत परत पाठवावे; यास कोणताही अपवाद असणार नाही. 'नम्रपणे' या शब्दाचा मला अभिमान होता. शेवटच्या वाक्याचा त्याहून अधिक.

ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हायचा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, हे तत्त्व मी आयुष्यभर पाळले. म्हणून मसुदा घेऊन मी मार्थाबाईंच्या घरी गेलो. त्या कणीक मळत होत्या. हात तसाच ठेवून त्यांनी कागद दोनदा वाचला.

"छान लिहिलंय. बिल्कुल सरकारी," त्या म्हणाल्या. "आता एक करा. हा कागद घेऊन तुमच्या दारापासून गेटपर्यंत धावत जा, आणि धावता धावता वाचा."

"कशासाठी?"

"खुर्चीत बसून लिहिलंय ना, म्हणून. वकीलसाहेब, कॅज्युअल्टीत बायका कशात येतात माहीत आहे? भाजलेल्या, मार खाल्लेल्या? गाऊनमध्ये येतात. साडी नेसून कोणी पळत नाही."

मी त्यांना सांगितले की भावनिक निवेदन म्हणजे हरकत नव्हे. हरकत लेखी द्यावी लागते. त्यांनी कणकेचा अंगठा माझ्या मसुद्यावर, बरोबर कलम सातवर, दाबला. "ही घ्या लेखी." मी घरी येऊन ते पान पुन्हा टंकलिखित केले. सर्वसाधारण सभेत संहिता मंजूर झाली. विरोधात एकच हात वर होता, त्याच्या बाहीवर निळी फुले होती. सचिवांनी कलमे लॅमिनेट करून फाटकाच्या गजांना तारेने बांधली आणि पहारेकरी रामबरनला बजावले की एक जरी नाईटी बाहेर गेली तर नोकरी जाईल. बाई त्याला चुकवून मागच्या, भाजीवाल्याच्या दाराने जात आणि दूध घेऊन ऐटीत पुढच्या फाटकाने परत येत. कारण संहितेत आत येण्यास मनाई नव्हती. ही त्रुटी माझ्या लक्षात आली होती. दुरुस्तीचा मसुदाही तयार होता.

जानेवारीतली ती सकाळ मी शपथेवर सांगितली आहे, येथे पुन्हा सांगतो. साडेसहा झाले होते, धुके होते. मी कोट, मफलर, बूट अशा पूर्ण पोशाखात आवारात फेऱ्या घालत होतो. आमच्या जिन्यातून पूनम धावत आली. पूनम म्हणजे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आदर्श गृहस्थाची पत्नी, माहेर पानिपतचे, मान खाली घालून नमस्ते करणारी मुलगी. तिच्या अंगात गाऊन होता, त्याची एक बाही खांद्यापासून उसवून लोंबत होती. पाय अनवाणी होते. ओठ फाटला होता.

"भैया, गेट खोलो! वो आ रहा है!"

रामबरनने हात आडवा केला. तो उद्धट नव्हता, दुष्टही नव्हता. "मैडम, नाइटी में बाहर जाना मना है. सात नंबर," तो म्हणाला. आणि मग नम्रपणे, "कपड़े बदल के आइए."

तिने त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले, कारण ते कलम कोणाचे हे त्याला ठाऊक होते. मी वीस पावलांवर होतो. अपवाद करायला सांगण्यासाठी मी तोंड उघडले आणि मला आठवले की अपवाद नाही. मी मिटले. न्यायालयात मला कोणी हे विचारले नाही. मी आपण होऊन सांगितले.

तो आला. शर्टाला इस्त्री होती, बूट चकाकत होते. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचे डोके फाटकाच्या गजांवर आपटले. एकदा. दुसऱ्यांदा. लोखंडाचा आवाज मोठा होता. त्यामागून आला तो लहान होता, आणि तोच माझ्या कानांतून जात नाही. तिसऱ्यांदा आपटताना तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही.

"रामबरन, खोल!" फाटकाच्या पलीकडे मार्थाबाई उभ्या होत्या, गाऊनवर स्वेटर, हातात दूध. आत येण्यास मनाई नव्हती. रामबरनने छोटे दार उघडले. बाईंनी दूध जमिनीवर ठेवले. फेकले नाही, ठेवले. पहारेकऱ्याच्या खोलीच्या दाराशी टेकवलेली लाठी घेतली आणि केस धरलेल्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटे, मारली. हाड मोडल्याचा आवाज मी प्रथमच ऐकला. मूठ सुटली. तो दुसरा हात उगारून वळला तेव्हा लाठी त्याच्या गुडघ्यावर बसली आणि तो खाली आला, ओरडत, इस्त्रीच्या शर्टासह चिखलात. बाईंनी लाठी तिसऱ्यांदा उचलली. ती डोक्यावर येणार होती असे मला वाटले. ती फाटकावर बसली.

"अल्ना गई, हाथ की हड्डी," त्या रामबरनला सांगत होत्या, जणू वॉर्डातला रिपोर्ट देत होत्या. "सहा हफ्ते प्लास्टर." मग पूनमजवळ बसून त्यांनी तिची हनुवटी धरली. "मेरी आँखों में देख. नाम बता अपना. अच्छा. कितनी उँगली?" पूनमच्या डाव्या कानातून रक्त येत होते. ते पाहून बाईंचा आवाज बदलला. "वकीलसाहेब, उभे काय राहिलात? अँब्युलन्स बोलवा. आणि जाता जाता तुमचा सात नंबर बघा."

लॅमिनेट केलेला कागद रक्ताने माखला होता. दुपारी रामबरनने तो ओल्या फडक्याने पुसला. अक्षर न् अक्षर पुन्हा स्वच्छ दिसू लागले.

पूनमचा डावा कान कायमचा गेला. नवऱ्याने प्लास्टरमधल्या हातासह पोलीस ठाण्यात मार्थाबाईंविरुद्ध तक्रार दिली: एका बाईने लाठीने अस्थिभंग केला. तक्रार, एवढ्यापुरती, खरी होती. मी पूनमच्या आणि बाईंच्या बाजूने चौदा पानी निवेदन लिहिले. भारतीय न्याय संहितेच्या पस्तिसाव्या कलमानुसार दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे पाच पानांत मांडले. ठाण्यातला अधिकारी म्हणाला, "अंकल, एक पेज में बता दो." ते पान मी दिले. त्यात पहारेकऱ्याने दार का उघडले नाही, ते कलम कोणी लिहिले आणि वीस पावलांवर कोण गप्प उभे होते, हेही होते. "इसमें अपना नाम क्यों डाल रहे हो?" त्याने विचारले. मी म्हणालो, कारण तेथे माझे नाव आहे.

मार्थाबाईंना मात्र कोणतीही पळवाट नको होती. "कितनी बार मारा?" असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "दो बार. तीसरा गेट को लगा." बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले की तिसरा चुकला, की चुकवला. "बत्तीस वर्षं असल्यांच्या बायकांना टाके घातले, वकीलसाहेब. हात थांबला, कारण तो खाली पडला होता. नाहीतर थांबला नसता. तुमच्या पानात हेही लिहा हवं तर." मी लिहिले नाही. आयुष्यात जाणूनबुजून गाळलेली माझी ही एकच ओळ. पूनमच्या जबाबावरून नवऱ्यावर खटला उभा राहिला, बाईंवरची तक्रार गळून पडली आणि पूनम पानिपतला आईकडे गेली.

पुढच्या सभेत मी कलम सात रद्द करण्याचा ठराव मांडला. सचिव म्हणाले, "एक केस के लिए पूरा रूल? अंकल, आपका ही तो रूल है." माझे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि मी सभेत कधी आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी मी खुर्ची उलथली. पुढे जाऊन, मेजावर आणून ठेवलेला तो लॅमिनेट केलेला कागद उचलला आणि सर्वांदेखत फाडू लागलो. तो फाटेना. मी ओढला, पिळला, दातांत धरला. त्याच्या कडेने माझा उजवा तळहात कापला आणि रक्त मेजावर पडले. कोणी हसले. मार्थाबाई पुढे आल्या, गाऊनच्या खिशातून त्यांनी चपट्या टोकाची कात्री काढली आणि माझ्या हातात दिली.

"फाटत नाही ते. कापा. मग हात दाखवा."

मी त्याचे चार तुकडे केले. त्याच मेजावर, हाताला पट्टी बांधता बांधता, त्यांनी नवे कलम सांगितले आणि मी डाव्या हाताने लिहिले: फाटक आधी उघडावे. विचारपूस नंतर.

"यात एक परंतुक घालावे लागेल, अपवादाचे," मी म्हणालो.

"बस. पुढे लिहू नका."

गेल्या पावसाळ्यात मार्थाबाई झोपेत गेल्या. नगरहून भाची आली आणि तिने त्यांना पांढरी साडी नेसवली, खांद्याला पिना लावून, नीटनेटकी. मी दारात उभा होतो. हरकत घेण्याचा मला अधिकार नव्हता; पण त्या पिनांकडे पाहून माझ्या मुठी वळल्या होत्या, हे नमूद करतो. मी भाचीजवळ काही मागितले नाही. तिने कात्री आपण होऊन दिली.

मी अजूनही पत्रे लिहितो: महानगरपालिकेला, पोलिसांना, सचिवांना. मात्र आता कोणतेही पत्र पाकिटात घालण्यापूर्वी ते हातात घेऊन सकाळी मी माझ्या दारातून निघतो, आहे त्या पायजम्यात, अनवाणी, आणि जिना उतरून फाटकापर्यंत जातो. धावणे आता जमत नाही. जमेल तितक्या वेगाने जातो आणि जाता जाता वाचतो. निम्म्याहून अधिक पत्रे फाटकापर्यंत पोहोचत नाहीत, मीच ती वाटेत फाडतो. जी पोहोचतात तीही मला कुठे बाहेर न्यायची नसतात. पण धापा टाकत येणारा म्हातारा पाहिला की रामबरन उठतो आणि एक शब्द न विचारता फाटक सताड उघडतो.

दर वेळी मला त्याला सांगावे लागते की माझ्यामागे कोणी नाही. कोणी मागे लागले आहे का, हे तो फाटक उघडल्यानंतर विचारतो.