निजलेल्या माणसाची बायको

हातात पळी घेऊन ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, “हळू. माझा माणूस निजलाय.” भर दुपारी, तुर्भ्याच्या आमच्या चाळीत. तिचा माणूस कारखान्यात रातपाळी करायचा.

आमची भिंतीला भिंत. मी मसाला कुटायला बसले की ही हजर. सुरुवातीला मी मुद्दाम जोरात कुटायची, पण हिच्या तोंडापुढे कोण टिकणार? शेवटी खलबत्ता उचलून मीच नळापाशी जायला लागले. सतरा वर्षं आमचं भांडण चाललं. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील.

लग्न मात्र त्यांचं झालेलं नव्हतं. तो मराठवाड्याचा, ही कोकणातली विधवा. दोघं दगडखाणीवर भेटले. कोणी खवचटपणे विचारलं तर म्हणायची, “लग्नाला रजा नाय मिळाली. संसाराला मिळाली.”

ऐंशी सालानंतर कधीतरी तो अचानक गेला. दिवस होतात न होतात तोच गावाहून त्याचा भाऊ आला आणि खोलीवर हक्क सांगू लागला. “ही बाई कोण? ठेवलेली.” मी तिला नाही नाही ते बोलले होते, पण हा शब्द माझ्या तोंडून कधी गेला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

प्रकरण ठाण्याच्या कोर्टात गेलं. तिच्या वकिलाने साक्षीला नेमकं मला बोलावलं. भांडणारी शेजारीण उगाच गोड बोलणार नाही, असं त्याचं म्हणणं.

भावाच्या वकिलाने मला विचारलं, “तुम्ही यांचं लग्न पाहिलं?”

“नाही. संसार पाहिला. साहेब, हिच्या नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून सतरा वर्षं मी उन्हात बसून मसाला कुटलाय. बाई महाभांडकुदळ आहे. पण बायको त्याचीच आहे.”

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. इतकी वर्षं नवरा-बायको म्हणून नांदलेल्यांना कायदा नवरा-बायकोच मानतो, असा निकाल लागला. खोली तिची. मला इतका आनंद झाला की तिथेच मी तिचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदा.

भाऊ बाहेर पायरीवर बसला होता. आता ही त्याला सोडत नाही, असं मला वाटलं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, “भावोजी, जेवल्याबिगर जायचं नाय.”

ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला आठवते ती त्या संध्याकाळची, दिराला ताट वाढणारी. तो मान खाली घालून जेवत होता. दुसऱ्यांदा भात घेताना हळूच म्हणाला, “बास, वहिनी.”