गणपतीचा उजवा कान

विश्वेशकाका काशीत राजा घाटाजवळ राहायचे आणि आम्हा मराठी घरांसाठी गंगेच्या मातीचे गणपती घडवायचे. प्रत्येक गणपतीची मान किंचित वळलेली, उजवा कान पुढे. एका पाहुण्या प्राध्यापकांनी तिला चिंतनमुद्रा म्हटलं, तेव्हा काका खूप हसले. "कसलं चिंतन, भाईसाहब! डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. मूर्तीही माझ्यासारखीच बसते."

लहानपणी परीक्षेची रडगाणी सांगायला मी त्यांच्या उजव्या बाजूलाच बसायचे.

काका माघात गेले. यंदा त्यांच्या मुलीनं, वैदेहीनं, पहिल्यांदाच गणपती केला. मान अगदी सरळ होती. आईनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"सुंदर आहे गं. पण आपला वाटत नाही."

वैदेहीचा चेहरा उतरला. "काकू, बाबांचं व्यंग मी देवाला कसं देऊ?"

"व्यंग कसलं? आमचं ऐकायला वळायचा तो."

माती अजून ओली होती. वैदेहीनं दोन्ही हातांनी मान हळूच वळवली.

चतुर्थीला नमस्कार करताना मी सवयीनं मूर्तीच्या उजव्या बाजूला गेले आणि जरा मोठ्यानंच बोलले.