गिरणी बंद पडली की आमची गोष्ट सुरू

सुरुवात शेंगदाण्याच्या चटणीपासून झाली. नेदरलँड्समध्ये नोकरीला आल्यावर मी आईला विचारलं होतं, चटणीत लसूण किती घालायचा? गावाकडून, बोरीहून तिचा व्हॉइस मेसेज आला, चौदा मिनिटांचा. त्यात लसूण एकदाच आला. बाकी सगळी तिच्या मोठ्या बहिणीची, म्हणजे माझ्या मावशीची गोष्ट होती. मावशी लसूण सोलता सोलता कशी पेंगली आणि समोरच्या मिरच्यांच्या सुपात कशी तोंडावर पडली! मी तेव्हा ट्राममध्ये होते. हसू दाबता दाबता डोळ्यांतून पाणी आलं, खांदे हलायला लागले. शेजारच्या गोऱ्या आजींनी हळूच रुमाल पुढे केला आणि माझ्या हातावर थोपटलं. माझ्या घरचं कुणीतरी गेलं असावं असं त्यांना वाटलं.

तेव्हापासून मी आईला लोणचं, पापड, कुरडया, कशाचीही कृती विचारू लागले. कृती कुणाला हवी होती?

पुढे मला हौस आली, की या गोष्टी कापून-जोडून नीट कराव्यात आणि घरच्यांना ऐकवाव्यात. पहिली निवडली ती गाडीची. आईचं माहेर चुडाव्याचं. लग्नाआधी एकदा ती आणि मावशी लाडवांची टोपली घेऊन पूर्णेला मामेभावाच्या लग्नाला निघाल्या आणि चुडाव्याच्या स्टेशनावर भलत्याच दिशेच्या, नांदेडकडं जाणाऱ्या गाडीत बसल्या. आईनं ती वीस मिनिटं सांगितली होती. मी सहा मिनिटांत बसवली. चांगली घोटीव, गुळगुळीत केली आणि मोठ्या अभिमानानं पाठवली.

आईचा लगेच फोन. "अक्काची चप्पल कुठंय?"

"कुठली चप्पल?"

"स्टेशनच्या वाटंवर तुटली ती! एवढं सांगितलं मी तिच्याबद्दल."

"अगं, ते जरा लांबत होतं."

"चप्पल तुटली न्हाई तर उशीर कसा झाला? उशीर झाला न्हाई तर पळालो कामून? तुझ्या गोष्टीत दोन पोरी उगंच येड्यावानी पळायल्यात!"

मी परत ऐकलं. खरंच दोन पोरी विनाकारण पळत होत्या आणि समोर दिसेल त्या गाडीत चढत होत्या. कापायच्या नादात मी गोष्टीचं कारणच कापून टाकलं होतं. मग आमचा करार झाला. सांगणार ती, कापणार मी, पण प्रत्येक काप तिला विचारून. दुसऱ्याच दिवशी तिनं मला हुकूम सोडला, "ते स्टेशनमास्तरचं काढ. त्याचं काही हसू येईना."

या हिवाळ्यात तीन आठवड्यांची सुट्टी काढून मी चांगला माइक घेऊन बोरीला गेले. गाडीची गोष्ट आता समोरासमोर बसून, गाडीच्या आवाजासकट करायची होती. अडचण एकच, आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. आईनं तोंड उघडून "आमी दोघी" म्हणावं, की पलीकडून भर्रर्र सुरू. दोन दिवस आमच्या "आमी दोघी"च्या पुढं गोष्ट सरकली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली. गिरणीचा पट्टा हळू होत होत थांबला, सगळी गल्ली वैतागली आणि आई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून पळत आली. "गेली, गेली! चल, बस लवकर!"

मी उडी मारली. तीही मारायला लागली. ओसरीवरून बाबा म्हणाले, "लाईट गेल्याचा एवढा आनंद?"

"तुमी बोलू नका, रेकॉर्डिंग चालू हाय!" आई ओरडली. चालू काहीच नव्हतं. माइक अजून पिशवीतच होता.

आवाज घुमू नये म्हणून दोन खाटांच्या मध्ये सतरंजी टाकून आम्ही वरून गोधड्या सोडल्या आणि आत गुडघ्याला गुडघा लावून बसलो. आईच्या बांगड्या वाजायच्या, म्हणून तिनं दोन्ही मनगटांना फडकी बांधली. सुपात ज्वारी घेऊन ती तालात पाखडायची, की गाडी सुटल्यासारखं वाटायचं. शिटीसाठी तिनं डाळीचा कुकर चढवला आणि मला माइक घेऊन गॅसजवळ उभं केलं. आम्ही श्वास रोखून वाट बघतोय आणि कुकर गप्प. आई कुजबुजली, "आता लाजायलाय मेला." तेवढ्यात अशी जोरात शिटी झाली, की माझ्या हातातला माइक ओट्यावर पडला आणि आई हसत हसत खालीच बसली. ती शिटी, तो ठोका आणि ते हसू, तिन्ही एकात एक मिसळून बसली आहेत. वेगळी करता आली नाहीत.

मावशीला हे कुठून कळलं कोण जाणे. आम्ही गोष्ट सांगायलोय आणि गाडी चुकण्याचा ठपका तिच्यावर ठेवलाय, एवढं ऐकून ती चुडाव्याहून थेट आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "मी म्हणले हीच गाडी?"

"मंग कोण म्हणलं, अक्का?"

"तू! वर टोपली पुढं करून चढलीस बी."

"टोपली तुझ्या हातात होती."

"माझ्या हातात चप्पल होती!"

तेवढ्यात लाईट गेली. मी दोघींना गोधडीत ढकललं. आत जागा दोघींची, बसलो तिघी. मावशीचा गुडघा माझ्या बरगडीत आणि तिचा पदर माइकवर. दोघी एकदम बोलत होत्या, एकमेकींचं वाक्य तोडत होत्या. पुढच्या स्टेशनावर उतरून परतीच्या गाडीची वाट बघताना टोपलीतले लाडू कुणी आधी खाल्ले, इथं तर हातघाईवर आल्या. शेवटी लाडू संपले आणि रिकामी टोपली घेऊन लग्नाला जायची लाज वाटून दोघी तशाच घरी परतल्या, एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत झालं. मग दोघींना हसू फुटलं. आई मावशीच्या मांडीवर आडवी झाली, मावशी तिच्या पाठीत बुक्क्या मारत होती आणि वरची गोधडी घसरून आमच्या तिघींच्या डोक्यावर आली. मधेच कधीतरी लाईट येऊन गिरणी सुरू झाली होती. ती कुणाला ऐकूच आली नाही.

नेदरलँड्सला परत आल्यावर मी तेच रेकॉर्डिंग पॉडकास्ट म्हणून टाकलं. कापायला बसले, पण कात्री चालवायला जागाच सापडेना. शेवटी गिरणीसकट राहू दिलं.

ओळखीपाळखीत ते फिरत गेलं. एका दुपारी सोनपेठच्या अनोळखी बाईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या स्वतः एकदा भलत्याच एसटीत बसून भलत्याच गावच्या बारशाला कशा पोचल्या, पाळणा गाऊन, जेवून कशा आल्या, ते त्यांनी सांगितलं होतं. मी तो आईला पाठवला आणि फोन लावला.

"कसं वाटलं?"

"सांगता येतंय बाईला," आई म्हणाली. "पण लय लवकर संपवलं. बाळाचं नाव काय ठेवलं, ते सांगितलंच न्हाई. तिचा नंबर दे."

त्यानंतर दीड तास आईचा फोन बिझी होता.