उसने प्राध्यापक

वाणिज्य महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या समितीची मी काही वर्षं अध्यक्ष होते. त्या काळात रायपुरात माझ्याबद्दल चांगलं बोलणारा संस्थाचालक सापडला नसता, आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. जन्मभर अकाउंट्स शिकवलं. ज्या पोरांना साधा ताळेबंद वाचता येत नाही, त्यांच्या हातात पदवी कोंबणाऱ्या लोकांचा मला संताप येई. तो आजही उतरलेला नाही.

नवा रायपुरातल्या एका कॉलेजने एम.कॉम.साठी मान्यता मागितली होती. आम्ही तिघं सदस्य गेलो. संचालक पायऱ्यांवरच हात जोडून उभे.

"आइए दीदी! अपना ही कॉलेज समझिए."

"मैडम कहिए," मी म्हटलं, आणि शाल, काजूकतली सगळं बाजूला सारून वर्ग दाखवायला सांगितलं.

टाय लावलेला एक तरुण प्राध्यापक घसारा शिकवत होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. त्याने वळून पाहिलं आणि त्याचा हात फळ्यावरच थांबला. तो माझाच जुना विद्यार्थी होता, आमच्यासारखाच नागपूरकडून आलेल्या घरातला. शंकर नगरातल्या एका सीएकडे नोकरी करायचा. आमच्या घरचं रिटर्न तोच भरायचा.

"इथे कधीपासून शिकवता, सर?" मी मुद्दाम 'सर' म्हटलं.

"मॅम... आजपासून."

"नई अपॉइंटमेंट है, दीदी," संचालक मध्येच म्हणाले.

"आणि उद्या?" मी त्यालाच विचारलं.

त्याने खडू ठेवून दिला. "उद्या ऑफिस आहे, मॅम."

एक पोट्टी फिस्सकन हसली. मला हसू आलं नाही. बाकीच्या वर्गांतही असेच उसने आणलेले लोक उभे होते. कुणाला स्टाफरूम कुठे आहे ते सांगता येईना, कुणाला कालचा धडा आठवेना.

जिन्यात तो मला गाठून म्हणाला, "मॅम, माझं नाव नका टाकू रिपोर्टात."

"नाही टाकत. पण पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

पुढे आम्ही रिटर्न दुसरीकडे दिलं.

त्याच संध्याकाळी समता कॉलोनीतल्या आमच्या घरी माझे धाकटे दीर आले. इथल्याच मंत्रालयात नोकरीला. एरवी दिवाळीशिवाय न फिरकणारे. पाण्याचा पेला हातातही न घेता म्हणाले, "वहिनी, तुमी आज एका कॉलेजात जाऊन आल्या म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यायनंच फोन केला ना! आपल्या पोट्टीले नोकरी देऊन राहिले ते, पुढच्या सेशनपासून. पक्की. तुमी काहून मोडता घालता?"

"तिथे शिकवायला माणसंच नाहीत, भाऊजी."

"मंग तिले घेतलं तर एक होईनच ना! तुमाले काय जाते? एक सही तर करायची हाय."

मी यजमानांकडे पाहिलं. ते आपल्या भावाकडे न बघता म्हणाले, "तिच्या कामात मी बोलत नाही."

"नाही बोलत म्हणूनच हे असं झालं," दीर म्हणाले, आणि चपला पायात सरकवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी समितीला दिरांची ही भेट सांगितली आणि मान्यता नाकारावी असं लिहिलं. दोन्ही सदस्यांनी सह्या केल्या. एकाने फार नाखुशीने. पुतणीची नोकरी गेली. जावेने माझा फोन घेणं बंद केलं. नंतरच्या वर्षी माझ्या जागी दुसरे अध्यक्ष आले, त्या कॉलेजची पुन्हा तपासणी झाली आणि मान्यता मिळाली. तेव्हा तिथे कोण शिकवत होतं ते मला ठाऊक नाही. कोणी मला विचारलंही नाही.

पुतणी मात्र तिथे गेली नाही. तिने भिलाईत स्वतःच्या बळावर नोकरी मिळवली. याचं श्रेय मला कोणी देऊ नये. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

तिच्या लग्नाची पत्रिका कुरियरने आली. आम्ही गेलो. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर तेच संचालक बसलेले, शेजारी माझे दीर. मला पाहून संचालक उठले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दीदी से हमने बहुत कुछ सीखा है."

"आपने किसी को सीखने कहाँ दिया?" मी म्हटलं.

दीर तोंड फिरवून वऱ्हाडींकडे बघू लागले. यजमान माझा हात धरून हळूच म्हणाले, "चल, निघू."

"अक्षता टाकून, जेवून निघू," मी म्हटलं. पुतणी माझीही होती.

बोहल्यावर तिने मला पाहिलं आणि मान खाली घातली. नंतर पंगतीत जाऊबाई वाढायला आल्या, माझं पान ओलांडून पुढे गेल्या. मी आवाज देऊन त्यांना परत बोलावलं आणि वरण मागून घेतलं.